१९७९ च्या आधीचा बर्फ

पृथ्वीची दोन टोके एकमेकांच्या अगदी उलट घडली आहेत. उत्तर ध्रुवावर समुद्र आहे आणि त्याला जमिनीचा वेढा आहे. दक्षिण ध्रुवावर जमीन आहे आणि तिला समुद्राचा वेढा आहे. दोन्हीकडे समुद्राचे खारे पाणी उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते, आणि त्यातून तयार होणारा सागरी बर्फ दर वर्षी पसरतो व दर वर्षी आक्रसतो. उत्तरेत मार्चमध्ये तो साधारण दीड कोटी चौरस किलोमीटरपर्यंत जातो आणि सप्टेंबरात त्याच्या निम्म्याहून खाली येतो. दक्षिणेत सप्टेंबरात तो सहसा १.८ कोटी चौरस किलोमीटर ओलांडतो आणि फेब्रुवारीत ३० लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरतो. जी गोष्ट एका वर्षात इतकी बदलते तिच्याबद्दल ‘ती कमी होत आहे’ असे म्हणायचे, तर कशाच्या तुलनेत आणि किती वर्षांच्या हिशेबात, हे आधी सांगावे लागते. म्हणूनच ‘ध्रुवांवरचा बर्फ नेहमीच कमीजास्त होत आला आहे, त्यात नवे काय?’ हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. त्याचा पहिला अर्धा भाग पूर्णपणे खरा आहे. या प्रकरणात मला दाखवायचे आहे ते एवढेच, की तो खरा अर्धा भाग नीट तपासला तर दुसऱ्या अर्ध्या भागातला दिलासा टिकत नाही. बर्फाचा जुना इतिहास जितका खोल खणावा, तितकी आजच्या घटीची वेगळी खूण स्पष्ट होत जाते, निदान उत्तरेत तरी. दक्षिणेचे प्रकरण वेगळे आहे आणि तिथे अधिक सावधपणे बोलावे लागेल.

प्रथम १९७९ या वर्षाबद्दल. बर्फाच्या जवळजवळ प्रत्येक आलेखाची सुरुवात या वर्षापासून होते आणि त्यावरून अनेकांना संशय येतो की सत्तरच्या दशकातल्या थंडीत बर्फ भरपूर असताना मुद्दाम तिथून मोजायला सुरुवात केली. कारण साधे आहे. ऑक्टोबर १९७८ मध्ये निंबस-७ हा उपग्रह सोडला गेला आणि त्यावरच्या सूक्ष्मलहरी मापकाने ढग असोत वा सहा महिन्यांची रात्र, सतत मोजमाप घ्यायला सुरुवात केली. बर्फ आणि मोकळे पाणी सूक्ष्मलहरी वेगवेगळ्या प्रमाणात बाहेर टाकतात, त्यामुळे अंधारातही दोन्ही वेगळे ओळखू येतात. ज्या चौकोनात किमान १५ टक्के बर्फ आहे तो ‘बर्फाचा’ धरायचा, असा संकेत आहे. उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचली की उपकरणाची फसगत होते हे खरे, पण ही चूक दर वर्षी साधारण एकाच दिशेने होत असल्याने दीर्घकालीन कल फारसा बिघडत नाही. त्याआधीची मोजमापेही अगदीच नाहीत असे नाही. डिसेंबर १९७२ मध्ये गेलेल्या निंबस-५ ची काही वर्षांची नोंद आहे. त्याहून जुन्या, १९६४ मध्ये काही आठवडेच चाललेल्या निंबस-१ ची छायाचित्रे फिल्मच्या डब्यांत कित्येक दशके पडून होती. ती अलीकडे शोधून, एकेक चौकट तपासून वाचण्यात आली. म्हणजे १९७९ ही सोयीने निवडलेली सुरुवात नाही, अखंड मोजणीची सुरुवात आहे. तरीही आक्षेपाचा गाभा उरतोच. समुद्राचे आणि वाऱ्याचे काही फेरे साठ-सत्तर वर्षांचे असतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या नोंदीत असा एखादा अर्धा फेरा कायमचा उतार वाटू शकतो. त्यामुळे मागे जाणे भाग आहे.

मागे गेले की प्रथम भेटतात ते कागद. आइसलंडच्या उत्तर किनाऱ्याला ग्रीनलंडकडून वाहत येणारा बर्फ शतकानुशतके छळत आला. तो आला की मासेमारी थांबायची, गवत उगवायचे नाही, गुरे मरायची, व्यापारी जहाजे परत फिरायची. म्हणून तिथल्या लोकांनी त्याच्या येण्याजाण्याची नोंद ठेवली. १६९५ साली तो जवळजवळ सगळ्या बेटाभोवती पसरला होता. १८८० च्या दशकातली बर्फाची वर्षे आणि त्या काळात उत्तर अमेरिकेत निघून गेलेली कुटुंबे हा आइसलंडच्या इतिहासातला दुखरा भाग आहे. डेन्मार्कच्या हवामान संस्थेने १८९० च्या दशकापासून १९५६ पर्यंत जहाजांकडून आलेल्या माहितीवरून आर्क्टिक समुद्रांचे उन्हाळी नकाशे दर वर्षी छापले. व्हेल आणि सील पकडणाऱ्यांच्या रोजनिशा, रशियन विमानांची टेहळणी, नौदलांचे अहवाल हे सारे जोडून आता १८५० पासूनचा महिनावार अंदाज उपलब्ध आहे. या कागदांची मर्यादा उघड आहे. जहाज बर्फाच्या काठापर्यंत जाते, आत नाही; ते उन्हाळ्यात जाते, हिवाळ्यात नाही; आणि जिथे व्हेल व सील मिळतात तिथेच जाते. रिकाम्या जागा अंदाजाने भरल्या आहेत. पण काठ कुठे होता हे जहाजाच्या कप्तानाला नेमके ठाऊक असे, कारण त्यावर त्याचा जीव अवलंबून होता.

या कागदांतून एक गोष्ट निघते ती आजच्या सरळसोट सांगण्याला अडचणीची आहे, आणि ती झाकून ठेवू नये. नॉर्वेच्या टॉर्ग्नी व्हिन्ये या संशोधकाने ग्रीनलंड ते बॅरेंट्स समुद्र या पट्ट्यातल्या एप्रिल महिन्याच्या नोंदी १८६४ पासून एकत्र केल्या. सुमारे १३५ वर्षांत तिथला बर्फ एक तृतीयांशाने घटला, पण त्या घटीचा जवळजवळ निम्मा भाग १९०० च्या आधीचा आहे. तेव्हा जगात कोळसा जळत होता, तरी हवेतला कार्बन डायऑक्साइड आजच्या मानाने किती कमी होता! मग ही घट कशामुळे? याचे सर्वांत समर्पक उत्तर म्हणजे कित्येक शतके चाललेल्या थंड काळातून, ज्याला ‘छोटे हिमयुग’ म्हणतात त्यातून, उत्तर अटलांटिक तेव्हा बाहेर पडत होता. म्हणजे नैसर्गिक कारणाने बर्फ घटू शकतो, आणि घटलाही आहे. जो कोणी म्हणेल की निसर्ग स्वतःहून असे करत नाही, त्याचे म्हणणे या एका नोंदीने खोटे ठरते. मात्र ही नोंद एका पट्ट्याची आणि एका ऋतूची आहे, हेही विसरता येत नाही.

कागद संपतात तिथे लाकूड सुरू होते. ग्रीनलंडच्या अगदी उत्तर किनाऱ्यावर, जिथे शेकडो किलोमीटरमध्ये एकही झाड नाही, वाळू-गोट्यांच्या बांधांवर अर्धवट पुरलेले ओंडके सापडतात. साल निघून गेलेली, उन्हा-थंडीने राखाडी पडलेली, पण थंड कोरड्या हवेमुळे हजारो वर्षे न कुजलेली ही लाकडे आहेत. कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की कोणते झाड ते कळते. लार्च असेल तर तो येनिसेई किंवा लेना यांसारख्या सैबेरियन नद्यांच्या काठावरून आला असण्याची शक्यता मोठी. स्प्रूस बहुधा उत्तर अमेरिकेतला. आता नदीने समुद्रात लोटलेला ओंडका वर्षा-दीड वर्षात पाणी पिऊन बुडतो, आणि आर्क्टिक महासागर ओलांडायला त्याला कित्येक वर्षे लागतात. म्हणजे तो स्वतः तरंगत आलेला नाही. सैबेरियाच्या किनाऱ्याजवळ बर्फात अडकून, बर्फाच्या पाठीवर बसून आला आहे. ओंडका पोचला म्हणजे त्या काळी समुद्रावर एका उन्हाळ्यात न विरणारा, वर्षानुवर्षे टिकणारा बर्फ वाहत होता. आणि तो ज्या बांधावर सापडला तो बांध स्वतःच दुसरी साक्ष देतो. किनाऱ्यावर असे बांध लाटा घालतात आणि लाटांना मोकळे पाणी लागते. आज त्या किनाऱ्याचा बराचसा भाग बर्फाने असा घट्ट बांधलेला असतो की लाट उठतच नाही. हिमयुगाच्या बर्फाचे ओझे उतरल्यापासून तिथली जमीन हळूहळू वर येत आहे, त्यामुळे जुने बांध उंचावर आणि नवे खाली, अशी पायऱ्यांसारखी रांग लागली आहे. लाकडातल्या कार्बनवरून वय काढले की प्रत्येक पायरीला तारीख मिळते.

डेन्मार्कचे स्वेंड फुंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम चिकाटीने केले आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. साधारण ८५०० ते ६००० वर्षांपूर्वी ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर वर्षभर टिकणाऱ्या बर्फाची सीमा आजच्याहून सुमारे १००० किलोमीटर उत्तरेला होती. त्या काळातला उन्हाळी बर्फ २००७ च्या नीचांकाच्या निम्म्याहून कमी असावा, असा त्यांचा अंदाज आहे. नंतर बर्फ वाढत गेला आणि गेल्या अडीच हजार वर्षांत तो भरीला आला. याच संशोधनात असेही दिसले की पलीकडच्या एल्समिअर बेटाच्या किनाऱ्यावरचा चढउतार ग्रीनलंडशी एकाच तालात नव्हता. वारा फिरला की बर्फ एका किनाऱ्यावरून उचलून दुसऱ्यावर ढीग घालतो. एकाच किनाऱ्यावरून सगळ्या महासागराचा निवाडा करता येत नाही, हा धडा मला त्या मुख्य आकड्याइतकाच मोलाचा वाटतो.

म्हणून इतर साक्षीदार हवेत. सागरी बर्फाच्या तळाशी खाऱ्या पाण्याच्या केसासारख्या बारीक वाहिन्यांत डायाटम नावाची सूक्ष्म शैवाले राहतात. त्यांतल्या काही मोजक्या जाती २५ कार्बन अणूंचा एक विशिष्ट रेणू बनवतात. वसंतात बर्फ वितळला की तो रेणू गाळाबरोबर तळाशी जातो आणि लाखो वर्षे ओळखू येईल असा राहतो. प्लिमथ विद्यापीठातील सायमन बेल्ट यांच्या गटाने २००७ मध्ये त्याला आयपी-२५ हे नाव दिले. हा रेणू गाळात नसेल तर मात्र कोडे पडते: एकतर वर बर्फ कधी नव्हताच, किंवा इतका जाड व कायमचा होता की खाली उजेड पोचून शैवाल वाढलेच नाही. हे सोडवण्यासाठी त्याच थरात मोकळ्या पाण्यातल्या शैवालांच्या खुणा शोधतात. त्या असतील तर पाणी मोकळे, नसतील तर छप्पर पक्के. कॅनडाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ खडकावर गुलाबी थर देणारे एक चुनखडी शैवाल आहे. ते झाडासारखी वार्षिक वलये घालते आणि ज्या वर्षी वर बर्फ जास्त काळ राहिला त्या वर्षी उजेडाअभावी वलय बारीक येते. त्यातून सहाशेहून अधिक वर्षांची नोंद वाचली गेली, आणि तिच्यात विसाव्या शतकातली घट इतर सर्व चढउतारांहून वेगळी उठून दिसते. नद्यांचे ओंडके, डायाटमचे रेणू, शैवालाची वलये यांच्या चुका वेगवेगळ्या प्रकारच्या आहेत. त्यांचे जिथे एकमत होते तिथे विश्वास ठेवायला आधार मिळतो.

आता मोठा आक्षेप. आठ हजार वर्षांपूर्वी बर्फ आजच्याहून कमी होता, सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उष्ण काळात तर आर्क्टिक उन्हाळ्यात बहुतांश मोकळा झाला असावा; तेव्हा मोटारी नव्हत्या, कारखाने नव्हते; मग आजच्या घटीला माणूस जबाबदार कसा? या युक्तिवादात एक कडी गळली आहे: ते बदल कशाने झाले हे आपल्याला माहीत आहे. पृथ्वी सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरते आणि तिचा आस हळूहळू डुलतो. सध्या पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे उत्तरेच्या हिवाळ्यात, सूर्याच्या सर्वांत जवळ असते. अकरा हजार वर्षांपूर्वी ती उत्तरेच्या उन्हाळ्यात जवळ असे. त्यामुळे त्या काळात उत्तरेच्या उच्च अक्षांशांवर उन्हाळी ऊन आजच्याहून सात-आठ टक्क्यांनी अधिक पडत होते. सव्वा लाख वर्षांपूर्वी ते त्याहूनही अधिक होते. बर्फ कमी असायला तेवढे ऊन पुरेसे होते. तेव्हापासून ते ऊन सतत घटत आले आहे आणि आजही घटते आहे. ओंडक्यांनी दाखवलेली नंतरची बर्फवाढ नेमकी याला जुळते. म्हणजे कक्षेचा नैसर्गिक घटक आज बर्फ वाढवण्याच्या बाजूने जोर लावत असताना बर्फ घटतो आहे. ‘पूर्वीही असे झाले होते’ म्हणणाऱ्याने या विसंगतीचे उत्तर द्यायला हवे, आणि ते मला अजून कुठे मिळालेले नाही. दुसरे असे, की उन्हातल्या काही टक्क्यांच्या फरकाने जर उन्हाळी बर्फ निम्म्याहून खाली गेला, तर हा बर्फ किती नाजूक आहे हेच त्यातून कळते. जुन्या काळातले मोठे चढउतार हा निर्धास्तपणाचा पुरावा नसून संवेदनशीलतेचा पुरावा आहे.

दुसरा आक्षेप अलीकडच्या काळातला आहे आणि तो अधिक अवघड आहे: १९२० ते १९४० च्या दशकांतला उष्ण काळ. ही ऊब खरी होती. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर कॉड मासा शेकडो किलोमीटर उत्तरेला सरकला आणि तिथल्या वस्त्यांचा उद्योगच बदलला. १९३२ मध्ये ओटो श्मिट यांच्या नेतृत्वाखाली ‘सिबिर्याकोव्ह’ या सोव्हिएत जहाजाने उत्तरेचा सागरी मार्ग प्रथमच एका मोसमात पार केला. पण तो पार कसा केला तेही पाहावे. शेवटच्या टप्प्यात बर्फाने जहाजाचा पंखा तोडला आणि ताडपत्र्यांची शिडे उभारून ते बेरिंगच्या सामुद्रधुनीतून कसेबसे बाहेर पडले. दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९३४ मध्ये, ‘चेल्युस्किन’ हे दुसरे जहाज चुक्ची समुद्रात बर्फाने चिरडून बुडाले आणि बर्फावर तळ ठोकलेल्या शंभराहून अधिक माणसांना विमानांनी उचलून आणावे लागले. अटलांटिकच्या बाजूला बर्फ हटला होता, पॅसिफिकच्या बाजूला तो तसाच होता. १८५० पासूनच्या जोडलेल्या नोंदींतही हेच दिसते: त्या दशकांतली घट काही समुद्रांपुरती होती, आणि सबंध आर्क्टिकचा उन्हाळी बर्फ आजच्या पातळीच्या जवळपासही कधी आला नव्हता. मग ती ऊब ओसरली. १९६५ ते १९७१ ही आइसलंडमध्ये पुन्हा बर्फाची वर्षे ठरली. १९६८ मध्ये तर बर्फ पूर्व किनाऱ्याला वळसा घालून दक्षिणेकडे उतरला. नैसर्गिक फेरा असा दिसतो: एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला कमी, आणि काही दशकांनी माघारी. आजची घट उत्तरेच्या बहुतेक सर्व समुद्रांत आहे आणि वर्षाच्या बाराही महिन्यांत आहे.

शिवाय पसारा म्हणजे सगळा बर्फ नव्हे. धरणात पाणी किती उरले ते पाण्याचा पसारा पाहून कळत नाही, खोली मोजावी लागते. तसेच इथे जाडीचे. अमेरिकन पाणबुड्या १९५८ पासून बर्फाखालून जात होत्या आणि वर ध्वनिलहरी सोडून त्याची जाडी मोजत होत्या. शीतयुद्धातली ही गुप्त मोजमापे नव्वदच्या दशकात खुली झाली. १९५८ ते १९७६ या काळात उन्हाळ्याअखेर सरासरी ३.१ मीटर असलेली जाडी त्याच ठिकाणी १९९० च्या दशकात १.८ मीटर भरली. जाड, जुना बर्फ जागच्या जागी सावकाश हलतो. पातळ बर्फ वाऱ्याबरोबर पळतो. नॉर्वेच्या फ्रिट्योफ नान्सेन यांनी हे वाहणे ओळखूनच आपले ‘फ्राम’ जहाज १८९३ मध्ये सैबेरियाच्या उत्तरेला मुद्दाम बर्फात गोठू दिले होते. ‘जॅनेट’ या बुडालेल्या जहाजाचे अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला लागल्याचे त्यांनी वाचले होते. ‘फ्राम’ १८९६ च्या ऑगस्टमध्ये मोकळे झाले. २००६ च्या सप्टेंबरात ‘तारा’ हे फ्रेंच जहाज जवळपास त्याच वाटेने बर्फात अडकून निघाले आणि जानेवारी २००८ मध्ये बाहेर पडले. दोघांच्या वाटा तंतोतंत एक नव्हत्या आणि एका जोडीवरून नियम बांधता येत नाही, पण जाडीच्या मोजमापांशी वेगातला हा फरक चांगला जुळतो.

गेल्या काही वर्षांतला आक्षेप वेगळाच आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये आर्क्टिकचा बर्फ ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत उतरला; उपग्रह-नोंदीच्या सुरुवातीच्या वर्षांत तो सुमारे ७० लाख असे. तेव्हा अनेकांनी, काही शास्त्रज्ञांनीही, सांगून टाकले की तीन-चार वर्षांत उन्हाळी बर्फ संपणार. तो संपला नाही. २०१२ चा विक्रम अजून मोडलेला नाही आणि २००७ पासून सप्टेंबरच्या आकड्यांत उतार जवळजवळ दिसतच नाही. मग घट थांबली का? इथे निसर्गाचा स्वतःचा हात मान्य केल्याशिवाय काहीच उलगडत नाही. १९८९ नंतरच्या काही वर्षांत वाऱ्यांची घडी अशी बसली होती की जुना जाड बर्फ फ्रामच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकमध्ये लोटला गेला. २०१२ च्या ऑगस्टमध्ये एका प्रचंड वादळाने आधीच पातळ झालेला बर्फ फोडला. १९७९ नंतरच्या उन्हाळी घटीपैकी ३० ते ५० टक्के वाटा अशा अंतर्गत चढउतारांचा असू शकतो, असा एक अभ्यास २०१७ मध्ये आला. तो खरा धरला, तर त्या काळात निसर्गाने माणसाच्या तापमानवाढीला हातभार लावला होता आणि आता तो उलट दिशेला ओढत असावा. हवामानाच्या प्रारूपांतही वीस-वीस वर्षांचे असे खंड दिसतात, तेही कार्बन वाढत असताना. बर्फाच्या भौतिकशास्त्रात एक सावरण्याची युक्तीही आहे: पातळ बर्फातून उष्णता लवकर बाहेर पडते, म्हणून उन्हाळ्यात उघडे पडलेले पाणी हिवाळ्यात झपाट्याने गोठते. त्यामुळे ‘एकदा खाली गेला की कोसळलाच’ हे भाकीत चुकीचे होते. पण सावरतो तो पातळ, एका वर्षाचा बर्फ. पाणबुड्यांनी मोजलेला तीन मीटरचा बर्फ एका हिवाळ्यात परत येत नाही. मार्च २०२५ मध्ये हिवाळी कमाल १.४३ कोटी चौरस किलोमीटरवर अडली, जी तोवरच्या उपग्रह-नोंदीतली सर्वांत कमी होती. उन्हाळ्याचा आलेख सपाट असताना हिवाळ्याचा खाली जातो, याला थांबणे म्हणत नाहीत. वर्षावर्षाचा गोंधळ बाजूला सारून तीस वर्षांची सरासरी घेतली, तर दर टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरचा सुमारे ३ चौरस मीटर बर्फ नाहीसा होतो, असे डिर्क नोट्झ आणि ज्युलिएन स्ट्रोव्ह यांनी २०१६ मध्ये दाखवले. हे नाते जवळजवळ सरळ रेषेतले आहे.

अंटार्क्टिकाबद्दल इतक्या खात्रीने बोलता येत नाही. तिथला बर्फ १९७९ पासून घटण्याऐवजी किंचित वाढत होता. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याने उपग्रह-नोंदीत प्रथमच २ कोटी चौरस किलोमीटर ओलांडले आणि ‘पाहा, बर्फ तर वाढतोय’ म्हणणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळाले. २०१६ मध्ये दक्षिणेच्या वसंतात तो एकाएकी घसरला. फेब्रुवारी २०२३ मध्ये १७.९ लाखांचा नीचांक आला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरातली कमाल १.७ कोटींच्याही किंचित खाली राहिली, म्हणजे आधीच्या नीचांकी कमालीपेक्षा सुमारे १० लाखांनी कमी. आता दुसऱ्या बाजूचे लोक हाच पुरावा म्हणून पुढे करतात. माझ्या मते दोघेही एकच चूक करतात. निंबस मालिकेतल्या उपग्रहांच्या जुन्या फिल्म सांगतात की सप्टेंबर १९६४ मध्ये तिथे १.९७ कोटी चौरस किलोमीटर बर्फ होता आणि ऑगस्ट १९६६ मध्ये १.५९ कोटी. महिना वेगळा आहे हे धरूनही दोन वर्षांत एवढी उडी मारणाऱ्या बर्फाबद्दल पाच-सात वर्षांवरून निकाल देणे धाडसाचे आहे. १९७४ ते १९७६ या तीन हिवाळ्यांत वेडेल समुद्राच्या मधोमध बर्फात एक प्रचंड मोकळे पाणी उघडले होते. त्या आकाराचे ते पुन्हा कधी उघडले नाही. स्कॉट, शॅकल्टन यांच्या काळातल्या जहाजांच्या नोंदवह्यांवरून पाहिले तर शंभर वर्षांपूर्वीचा उन्हाळी बर्फ आजच्याहून फार तर १४ टक्क्यांनी अधिक होता. शॅकल्टनचे ‘एंड्युरन्स’ ज्यात १९१५ मध्ये चिरडले गेले तो वेडेल समुद्र मात्र अपवाद, तिथे फरक मोठा होता. उलट लॉ डोमच्या हिमगाभ्यातले रासायनिक अवशेष त्या भागात १९५० नंतर २० टक्क्यांची घट सुचवतात. इथे जमिनीचा वेढा नाही, बर्फ चहूबाजूंनी मोकळा पसरतो, आणि वारे, खोल समुद्राची ऊब, हिमनद्यांचे गोडे पाणी अशा अनेक गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढतात. २०१६ नंतर दक्षिण महासागर नव्या अवस्थेत गेला आहे असे मानायला खोल पाण्याची ऊब वर आल्याचे संकेत आहेत. तो निवाडा मात्र अजून काही वर्षांच्या नोंदीवर सोपवावा लागेल. उत्तरेतली खात्री दक्षिणेत उसनी नेता येत नाही.

भारताच्या दृष्टीने हा वाद दूरचा नाही. स्वालबार्डच्या काँग्सफ्योर्डमध्ये २००८ पासून ‘हिमाद्री’ हे भारताचे केंद्र आहे आणि २०१४ मध्ये त्याच फ्योर्डमध्ये पाण्याखाली ‘इंडआर्क’ ही मोजयंत्रणा बसवली गेली. २००६ पासून तो फ्योर्ड बहुतेक हिवाळ्यांत पूर्वीसारखा गोठत नाही. अटलांटिकचे कोमट पाणी आत येते. ते पाणी कधी आणि किती येते हे त्या यंत्रणेतून कळते. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडले, की कारा समुद्रात उन्हाळी बर्फ कमी असतो तेव्हा वरच्या वातावरणातल्या लहरींच्या मार्गे मध्य भारतातल्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीशी त्याचा संबंध दिसतो. काढणीला आलेल्या सोयाबीनवर कोसळणारा सप्टेंबरचा पाऊस मराठवाड्यात आणि विदर्भात काय करतो हे वेगळे सांगायला नको. हा संबंध अजून सांख्यिकीच्या पातळीवरचा आहे. कार्यकारणाचा धागा पक्का व्हायला लांब नोंद लागेल, आणि ती अशा मोजयंत्रणा बंद न पडता चालल्या तरच मिळेल.

हवामान बदलाच्या आंतरसरकारी मंडळाने २०२१ च्या अहवालात म्हटले आहे की २०५० पूर्वी किमान एकदा तरी आर्क्टिकचा सप्टेंबर बर्फ १० लाख चौरस किलोमीटरच्या खाली जाण्याची शक्यता मोठी आहे. ते ज्या वर्षी होईल त्या वर्षी बहुधा वाऱ्याने किंवा वादळाने शेवटचा धक्का दिलेला असेल, आणि पुढच्या वर्षी बर्फ पुन्हा वाढलेला दिसेल. त्या वाढीने वर मांडलेले काहीच खोटे ठरणार नाही. ते खोटे ठरायचे असेल तर वेगळ्या गोष्टी घडाव्या लागतील: हवेतला कार्बन वाढत असताना सैबेरियापासून कॅनडापर्यंत सगळ्या बाजूंनी, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, बर्फ दोन-तीन दशके पसरत राहावा, आणि पाणबुड्यांच्या जुन्या वाटांवर त्याची जाडी पुन्हा तीन मीटर भरावी.